मान हलते

मांडीवरचा डाग मी चार दिवस लपवला होता. घरात कुणाला दाखवला नाही, तबेल्यात दाखवायचा तर प्रश्नच नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला मी नळावरून बादली भरून आणत होते. मामा दावणीपाशी खरारा हातात घेऊन उभे होते. हात थांबलेला, नजर माझ्यावर.

"बाई, जरा परत जा बरं नळापर्यंत. आणि सरळ या."

मला वाटलं, नळ चालू राहिला असेल. गेले, आले.

"डावा," मामा म्हणाले. "आता पुढचा म्हणायचा का मागचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण डावा."

घोड्याचं लंगडणं ओळखायला शिकवतात तेव्हा आधी पायाकडे बघूच नका म्हणतात. मानेकडे बघा. घोडा दुडक्या चालीत समोरून आणायचा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर जाते, चांगला पाय टेकला की खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याकडे, म्हणजे ढुंगणाच्या भागाकडे बघायचं, त्याची एक बाजू जास्त वरखाली होते. यातलं काहीही घोडा मुद्दाम करत नाही. उलट त्याची सगळी धडपड लपवण्याची असते. गवत खाऊन जगणारं आणि पळून जीव वाचवणारं जनावर ते. कळपात लंगडं दिसलं की वाघ-लांडगा आधी त्यालाच उचलणार. म्हणून खुरात पू झालेला घोडासुद्धा परक्या माणसासमोर जमेल तितकं सरळ चालून दाखवतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले त्याला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी या लपवाछपवीचा माग काढण्यात गेली असतील. आणि मला मामांनी एका फेरीत पकडलं.

मामा म्हणजे आमच्या रायडिंग स्कूलचे मोतद्दार. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेली. ते कुणाचे मामा आहेत हे कुणालाच माहीत नाही. मालकही त्यांना मामाच म्हणतात.

झालं होतं असं. सगुणा नावाची घोडी, काठेवाडी आणि आणखी कशाकशाची मिसळ, स्वभावाने गाय. तिच्या पायाची पट्टी बदलून मी उठत होते. पत्र्यावर माकड धपकन पडलं आणि सगुणा बाजूला सरकली. लाथ नाही, चावणं नाही, उधळणं नाही. नुसती सरकली. पण चारशे किलोचं जनावर सरकतं तेव्हा मधे आलेल्याला कुठेतरी जावं लागतं, आणि माझ्या मागे लाकडी खांब होता. मांडी खांबावर दाबली गेली, सेकंदभर. मी सगुणाच्या मानेवर थाप मारली, "काही नाही, काही नाही" म्हणाले आणि कामाला लागले. तेव्हा हे मी घोडीला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

संध्याकाळी तिथे हाताच्या पंजाएवढा डाग होता. दुसऱ्या दिवशी दोन पंजे. मग तो खाली उतरायला लागला. जांभळाचा रंग गुडघ्यापर्यंत आला, कडेने कच्च्या कैरीसारखा हिरवा, त्याच्याही कडेला हळद. मांडीच्या आत एक गोळा हाताला लागत होता. मामांनी पकडलं त्या दिवशी दुपारी सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, मोसंबीएवढी रक्ताची गाठ.

आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, 5.8.

मी वॉर्फरिन घेते, रक्त सहज गोठू न देणारी गोळी. तेव्हा तीन वर्षं झाली होती, आता सोळा. मामांना ते माहीत नव्हतं. मालकांनाही नाही.

*

मी नऊ वर्षांची असताना फलटणजवळच्या आमच्या गावात माझा घसा दुखला आणि बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि सांधे सुजायला लागले. आज गुडघा, परवा मनगट. संधिवाताचा ताप सांधे नुसते चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोकांत म्हणतात. पुढची कितीतरी वर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिड्युरचं, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते इंजेक्शन ज्यांनी घेतलंय त्यांना वर्णन नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगी. छत्तिसाव्या वर्षी तबेल्याच्या माळ्यावर गवताची पेंढी चढवताना दम लागायला लागला. मी म्हटलं, वय. मग रात्री दोन उशा लागायला लागल्या. मी म्हटलं, ॲसिडिटी. 2009 साली हृदयाची डावीकडची अरुंद झालेली झडप काढून तिथे कृत्रिम बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेल्या बनावटीची, धातूच्या चौकटीत कलती होणारी प्लास्टिकची चकती. डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली, म्हणजे मी बारावीची तयारी करत होते तेव्हा. माझ्यासाठीच चाललं होतं म्हणा ते.

या चकतीला आवाज आहे. एरवी मला तो ऐकू येत नाही, सवय झाली. पण घोड्याचं हृदय ऐकायला स्टेथोस्कोप कानात घातला की कान बंद होतात आणि माझी टिकटिक आतून सुरू होते. विश्रांतीतल्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस ते चाळीस ठोके देतं, मोठे, सावकाश, विहिरीत कुणीतरी दगड टाकतंय असे. त्यावर माझं सत्तर-ऐंशीचं घड्याळ. सुरुवातीला मोजताना गोंधळ व्हायचा. धडधाकट घोड्याचं हृदय मधेच एखादा ठोका खाऊन टाकतं, ते आजाराचं लक्षण नाही. घोडा स्वस्थ उभा असतो, मी श्वास रोखून पुढच्या ठोक्याची वाट बघत असते, आणि त्या रिकाम्या जागेत माझीच टिक, टिक.

परक्या वस्तूवर रक्त गोठायला बघतं. चकतीवर गुठळी धरली तर झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते. म्हणून गोळी, जन्मभर. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. गोळी न घेणाऱ्याचं एकच्या आसपास असतं, माझं अडीच ते साडेतीन ठेवायचं. खाली गेलं तर झडप धोक्यात, वर गेलं तर बाकीची मी. अलीकडे दर महिन्याला तपासावं लागत नाही अशा नव्या गोळ्या आल्यात, ओळखीचे लोक "ती घे ना" म्हणतात. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची कृत्रिम झडपांवर चाचणी झाली होती. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून ती अर्ध्यात थांबवली. 2013 मध्ये ते छापून आलं. तेव्हा आमचं लग्न वॉर्फरिनशीच.

5.8 कसा झाला? दाढ दुखत होती, त्यासाठी पाच दिवस मेट्रोनिडॅझोल नावाचं अँटिबायोटिक घेतलं. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरी काही औषधं चालू?" मी "नाही" म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं. रोजचं पोळीभाजी कुणी औषधात धरतं का? मी स्वतः औषधं लिहून देणारी बाई, आणि मेट्रोनिडॅझोल वॉर्फरिनला वर चढवतं हे मला माहीत नव्हतं असंही नाही. दोन दिवस गोळी बंद, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्ताची तपासणी, असं करत तो खाली आला. गाठ विरायला दोन महिने लागले.

*

माझ्या गोळीचं मूळ गोठ्यात आहे, हे मी पेशंट झाल्यावर जरा अभिमानाने सांगायला लागले. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाईगुरं मरायला लागली. शिंगं कापली, खच्ची केली की रक्त थांबेचना. फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या कॅनडातल्या पशुवैद्याने शोधून काढलं की दोष चाऱ्याचा आहे, स्वीट क्लोव्हर नावाचा लसूणघासाच्या कुळातला चारा, तोही बुरशी लागलेला. फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठात आला. गाडीत मेलेली कालवड, तो चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे बुरशीच्या चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं केलं. त्याचंच एक भावंड 1948 साली बाजारात आलं, ते उंदरांचं औषध म्हणून. माणसांना द्यायला सुरुवात त्यानंतर झाली, आणि 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. माझी सासू ही गोष्ट ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे उंदराचं औषध खातेस होय तू?" हो.

यातही घोड्याचा एक अध्याय आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. घोड्याच्या पुढच्या खुरात, आत, होडीसारखं एक छोटं हाड असतं. ते दुखायला लागलं की घोडा हळूहळू लंगडा होतो, आणि पूर्ण बरा सहसा होत नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कोल्स नावाच्या पशुवैद्याने अशा घोड्यांना वॉर्फरिन देऊन पाहिलं. हाडाकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होत असतील, हा त्यामागचा विचार. काही वर्षं ते चाललंही. पण घोड्याचंही रक्त वारंवार तपासावं लागायचं, आणि लंगड्या घोड्याला सर्रास दिलं जाणारं दुखणं मारणारं औषध, फिनाइलब्युटाझोन, त्याच्या जोडीला पडलं की घोड्याच्या अंगात रक्तस्राव व्हायचा. मागे पडलं ते औषध. मला मात्र वाचताना गंमत वाटली. त्या घोड्यांची आणि माझी पथ्यं एकच होती की.

मलाही दुखणं मारणारी गोळी वर्ज्य आहे. डायक्लोफेनॅक नाही, आयब्युप्रोफेन नाही, अंगदुखीला मित्रमंडळी पर्समधून काढून देतात त्यातलं काहीच नाही. फार झालं तर पॅरासिटामॉल, तेही मोजून. घोड्यांच्या बाजारात फिरलेल्या माणसाला हे पटकन समजतं. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला जो घोडेबाजार भरतो तिथे मी तरुणपणी ओळखीच्यांसाठी घोडा पारखायला जायची. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. रेवाल चालीवर पाण्याचा पेला न सांडता घोडा फिरवून दाखवणारे उस्ताद. कुठल्याही घोडेबाजारात एक धडा लवकर मिळतो, की सकाळी झकास चालणारा घोडा संध्याकाळी पुन्हा बघावा. औषध उतरलं की मान हलायला लागते. मला औषधच नाही, तेव्हा माझी सकाळ-संध्याकाळ एकच. मामांना म्हणूनच सोपं गेलं.

सारंगखेड्याला आता जात नाही. घोड्यांची भीती म्हणून नव्हे. तिथे गर्दीत बांधलेल्या घोड्यांच्या रांगांमधून जावं लागतं, दोन्हीकडे पुठ्ठे, आणि डोक्याला लागलंच तर सीटी स्कॅनच्या मशीनपर्यंत पोचायला किती वेळ लागेल याचं गणित जमत नाही. माथेरानलाही हाच विचार करून जाते. तिथे मोटारीला बंदी, दस्तुरी नाक्यापासून पुढे बरंचसं पायी नाहीतर घोड्यावर. ते सौंदर्यच आहे त्या गावाचं. तिथल्या घोड्यांचे खूर आणि नाला बघायला वर्षातून एकदोनदा जाते, पण हल्ली दिवस उजाडल्यावर चढते आणि एकटी जात नाही. गाव बघताना आधी दवाखाना किती लांब ते बघायची ही खोड गोळीने लावली.

*

मामांना सांगितलं ते त्या सोनोग्राफीच्या दुसऱ्या दिवशी. ओट भिजत घालत होते ते. मी सगळं सांगितलं, झडप, गोळी, आकडा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कापलं तर थांबायचंच नाही?"

हा प्रश्न सगळे विचारतात. थांबतं. वेळ लागतो, दाबून धरावं लागतं, पण थांबतं. बोट कापलं तर मी दहा-पंधरा मिनिटं दाबून बसते. बाहेर दिसणाऱ्या रक्ताची मला काळजी नाही. भीती आहे ती न दिसणाऱ्याची. पोटात बसलेली टाप, कपाळावर आदळलेली मान, खांबावर दाबलेली मांडी, यात रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि आमच्या धंद्यात ज्यात थेंब दिसत नाही त्याला लागणं म्हणतच नाहीत. लाथ बसली तर दोन दिवस फुशारकी. दात लागला तर चहाच्या वेळी बाही वर करून दाखवायचा. पडलात तर उठून लगेच पुन्हा रिकिबीत पाय. नाही चढलात तर घोडा काय म्हणेल आणि लोक काय म्हणतील. या शाळेत मी वाढले. तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही त्याचं खरं कारण हेच. सांगितलं असतं तर मला बादल्या भरायला ठेवलं असतं.

आणि अगदीच खोटी नव्हती ती भीती. गोष्ट बाहेर गेल्यावर एका मोठ्या स्टड फार्मच्या मालकांनी मला फार अदबीने सांगितलं, "मॅडम, तुमच्या काळजीपोटीच म्हणतो, आता तुम्ही थोडी विश्रांती घ्या." पुढच्या आठवड्यात तिथे माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा जायला लागला. हुशार आहे, मला फोन करून विचारतो. पण तिथल्या सात घोड्यांची खोगीरं कुठे घासतात ते मला पाठ होतं, आणि ते कुणी मला विचारलं नाही. राग गेलेला नाही. लिहिताना जाईल वाटलं होतं.

बायकांचं आणखी एक असतं, तेही इथेच लिहून टाकते, कारण कुणी लिहीत नाही. या गोळीवर पाळी पुरासारखी येते. मुलगी ऑपरेशनच्या आधीच झाली होती हे नशीब, कारण वॉर्फरिन पोटातल्या बाळाला बाधतं आणि त्याच्याशिवाय झडपेला धोका, त्यामुळे दुसऱ्याचा विचार आम्ही सोडला. पण पाळी थोडीच सोडते? दोन वर्षं माझं हिमोग्लोबिन आठच्या पुढे गेलं नाही. रात्री दोन वाजता पोट धरलेल्या घोड्याला धरून मी तबेल्यात चकरा मारायची आणि प्रत्येक चकरेला भिंतीला हात लावायची. घोडा लोळू नये म्हणून मी त्याला चालवतेय असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर तो मला चालवत होता. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला मला दोन वर्षं लागली, आणि इलाज वीस मिनिटांचा होता.

मामांना सांगितल्यावर पहिले काही महिने मीच बिघडले. म्हणजे घाबरले. सगुणाजवळ जाताना खांदे वर, श्वास अडकलेला. साधी घोडी, पण तीही कान मागे घ्यायला लागली, जागच्या जागी नाचायला लागली. मला वाटलं, हिला काहीतरी कळतंय. मामा म्हणाले, "तिला तुमच्या रक्ताचं काय घेणं? ती तुमचा दम बघते. दम सोडा आधी." मग त्यांनी मला नव्याने शिकवलं, शिकाऊ पोराला शिकवतात तसं. आधी हाक द्यायची, मग खांद्यापाशी जायचं, कपाळासमोरून नाही. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. मागून जायचंच असेल तर एक तर दहा हात लांबून, नाहीतर अगदी अंगाला चिकटून, पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत. अर्धवट अंतर वाईट. लाथेला जोर तिथेच येतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. मामांचं म्हणणं, दोघांच्याही जवळून गेलं तर चालतं, मधेच घुटमळू नये.

हे सगळं मला येत होतं. फक्त वीस वर्षांत मी ते करायचं सोडून दिलं होतं, हात बसला म्हणून.

काही गोष्टी मात्र सोडल्या. खूर सोलायची सुरी हातात धरत नाही, ते नालबंद करतो, मी शेजारी उभी राहून बोट दाखवते आणि तो वैतागतो. नवा, न ओळखीचा घोडा एकटीने हाताळत नाही. खांबाच्या आणि घोड्याच्या मधे उभी राहत नाही, आणि दावणीचा तो खांब मालकांनी काढूनच टाकला. लगामाची दोरी हाताला गुंडाळून घेत नाही, जी खरं तर कुणीच घेऊ नये. हेल्मेट नुसत्या पट्टीच्या कामालाही. खिशात कार्ड, त्यावर झडप, गोळी, मात्रा, रक्तगट, दोन फोन. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर, कारण लिदीत ते जंतू असतातच. दंडात सुई घेतल्यावर नर्सला सांगून जास्त वेळ दाबून धरायचं. (ही माझी यादी आहे. तुमची तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नका. ते मी एकदा करून पाहिलंय आणि त्याबद्दल बोलायचं नाही.)

आणि पालेभाजी. तिच्यातलं 'के' जीवनसत्त्व वॉर्फरिनच्या उलट काम करतं, म्हणून मेथी, पालक, शेपू, अळू बंद करू नयेत पण दर आठवड्याला साधारण तेवढेच खावेत. श्रावणात आई रोज एक पालेभाजी करते आणि माझा आकडा दोनच्या खाली जातो. मी चमच्याने मोजून शेपू खाते आणि समोर सगुणा लसूणघासाची अख्खी पेंढी ओरपते, निर्लज्जपणे, माझ्याकडे बघत.

*

आता त्या शिंगराचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सगुणाला उतारवयात झालेलं, तीन महिन्यांचं, नव्वदेक किलोचं, नाव गोट्या. त्याला खोकला होता. छाती ऐकायची होती आणि हेल्मेटच्या पट्ट्यांमुळे स्टेथोस्कोप कानात नीट बसत नाही, म्हणून मी हेल्मेट काढून बाजूच्या बादलीवर ठेवलं. एवढंच. खाली वाकून मी त्याची फुप्फुसं ऐकतेय, माझी टिकटिकही ऐकतेय, आणि त्याने मान वर उडवली. शिंगरांची डोकी दगडी असतात. माझ्या डाव्या भुवईच्या वर टक् असा आवाज आला. चक्कर नाही, रक्त नाही, डोळ्यांपुढे तारे वगैरेही नाहीत. गोट्या दचकून आईच्या मागे गेला. मामा हसले. मीही हसले, सवयीने, आणि माझ्या तोंडून ते "काही नाही" बाहेर पडायला लागलं होतं.

मग मी म्हटलं, "मामा, मला लागलंय. डोक्याला."

मामांनी हातातली बादली खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक तबेल्यात दुसऱ्या कुणाकडूनही नाही. काही न बोलता त्यांनी मालकांना फोन लावला, गाडी मागवली, माझं कार्ड माझ्याच खिशातून काढून माझ्या हातात दिलं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी सीटी स्कॅन करतात, कारण आतला स्राव कधीकधी सावकाश वाढतो. तासाभरात मी हॉस्पिटलात होते. तपासायला एक अगदी कोवळा डॉक्टर आला, रात्रपाळी करून डोळे लाल झालेला.

"कशाने लागलं?"

"शिंगराने."

त्याने लिहून घेतलं. "बैल होता की म्हैस?"

"घोडी. म्हणजे घोडीचं."

तो थांबला. पेन वर. मी खरं बोलतेय का, की डोक्याला लागल्याचा हा परिणाम आहे, हे तो चेहऱ्यावरून शोधत होता. मग त्याने मला वार विचारला, तारीख विचारली, मुख्यमंत्री कोण ते विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं. शिंगरू म्हणजे घोड्याचं पिल्लू, हे मी समजावून सांगणार तेवढ्यात स्कॅनसाठी नंबर आला.

स्कॅन स्वच्छ निघाला. आयएनआर 3.1. रात्रभर ठेवून घेतलं, तासातासाने कुणीतरी डोळ्यांत बॅटरी मारून जात होतं. सकाळी घरी सोडताना कागद हातात दिले. त्यावर इंग्रजीत टाइप केलं होतं, घोड्याच्या शिंगाने कपाळाला मार.

नऊ वाजता मामांचा फोन. "गोट्या पितोय. खोकला कमी आहे. तुमचं काय?"

मी सांगितलं, सगळं ठीक आहे. आणि कागदावरचं वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"बाई," मामा म्हणाले, "त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक मालकांना देऊ. शिंगवालं घोडं आहे म्हटल्यावर सारंगखेड्याला किंमत कुठल्या कुठे जाईल."

चार दिवसांनी मी तबेल्यात गेले. गोट्याला बाहेर काढायच्या आधी मामांनी मला नळापर्यंत जाऊन यायला सांगितलं. दोन वेळा. दुसऱ्या वेळेला जरा भरभर.